गप्प कापडाला बोलतं करताना : आम्ल ओळखणाऱ्या नायलॉनच्या पट्टीचं एक प्रकरण

कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू लाल झालेली, दोन ठिकाणी कातडी सोललेली. शिशाच्या बॅटऱ्या चार्ज करण्याच्या खोलीत काम करणाऱ्या एका माणसाचा हा हात. त्या खोलीच्या प्रमुखांनी मला फोनवर फोटो दाखवला आणि सोबत आणलेली त्याची बाही टेबलावर ठेवली. बाही बघून मी चक्रावले. डाग नाही, छिद्र नाही, धागा कुठे कुजलेला नाही. ॲसिड कधी उडालं हे त्या माणसाला आठवत नव्हतं. जळजळ सुरू झाली ती घरी गेल्यावर.

"ताई, पूर्वी सुती कपडे होते तेव्हा निदान कळायचं तरी," प्रमुख म्हणाले. "आता कापड जसंच्या तसं, आणि आत माणूस भाजलेला."

मी रंगाईच्या प्रयोगशाळेत काम करते. कापडाचा रंग घामाने, साबणाने, उन्हाने बदलू नये यासाठी माझी सगळी खटपट चालते. प्रमुखांची मागणी नेमकी उलटी होती. ॲसिड लागताक्षणी रंग बदलेल असं कापड त्यांना हवं होतं. पुढच्या काही आठवड्यांत काय केलं, कुठे फसलं आणि शेवटी हात कशाने भाजला हे कसं कळलं, ते इथे मांडते.

आधी सुती कापडाची गोष्ट. बॅटरीतलं ॲसिड म्हणजे पाण्यात मिसळलेलं सल्फ्युरिक आम्ल. पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीत त्याची घनता साधारण १.२८ असते आणि वजनाने सुमारे ३७ टक्के आम्ल असतं. त्याचा थेंब सुती कापडावर पडला की पाणी उडून जातं, आम्ल उडत नाही. ते मागे राहतं, तासागणिक तीव्र होत जातं आणि कापसातल्या सेल्युलोजच्या साखळ्या तोडतं. त्या दिवशी काही दिसत नाही. कपडा धुतला की कुजलेला भाग गळून पडतो आणि चाळणी हातात येते. गणवेश वारंवार बदलावे लागत होते, म्हणून त्यांनी पॉलिएस्टर घेतलं. खोलीत हायड्रोजन जमतो, त्यामुळे ठिणगी पडू नये म्हणून त्यात स्थिर विजेचा भार वाहून नेणारे धागेही विणून घेतले होते. निवड विचारपूर्वक केलेली होती. पॉलिएस्टरला असल्या आम्लाने सहसा काही होत नाही, आणि अडचण तिथेच होती. थेंब कापडाला इजा न करता त्यावर बसून राहतो, हाताला लागतो, हातावरून मानेला, डोळ्याला. छिद्र हे सुती कापडाचं उशिरा का होईना पण सांगणं होतं. पॉलिएस्टर काहीच सांगत नाही.

मी पहिली चूक घाईत केली. कपाटात ब्रोमोथायमॉल ब्लू होतं, आम्ल लागलं की रंग बदलणारा एक दर्शक. सुरेख निळा रंग, आम्लात लख्ख पिवळा. नायलॉनच्या एका तुकड्यावर तो चढवला, पाण्यातून काढला आणि दोरीवर वाळत घातला. संध्याकाळी तुकडा निळसर हिरवा होता. सकाळी आले तर पिवळट. आम्लाची बाटली मी उघडलीसुद्धा नव्हती.

कारण सोपं होतं, मी आधी विचार करायला हवा होता. सामू, म्हणजे पीएच (जितका कमी, तितकं आम्ल जास्त), ७.६ च्या वर असेल तर हा दर्शक निळा असतो आणि ६.० च्या खाली पिवळा. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून शुद्ध पाण्याचा सामूदेखील ५.६ च्या आसपास येतो. त्यात रंगवताना घातलेलं थोडं ॲसेटिक आम्ल धाग्यात उरलेलं. म्हणजे नुसती हवा लागून जो पिवळा पडतो, तो दर्शक मी ॲसिडच्या खोलीत पाठवायला निघाले होते. दोन दिवसांत कामगारांनी त्याच्याकडे बघणं सोडलं असतं, आणि ते योग्यच झालं असतं.

तेव्हापासून मी प्रश्न फिरवला. रंग कशाने बदलावा हे नंतर. कशाने बदलू नये, ते आधी. या खोलीत उत्तर होतं घाम. घामाने रंगाचं काय होतं हे तपासायला आमच्याकडे कृत्रिम घामाचं द्रावण नेहमीच असतं. आम्लधर्मी द्रावणाचा सामू ५.५, आम्लारीधर्मी द्रावणाचा ८.०. खऱ्या घामाचा सामू याच्याही खाली, ४.५ पर्यंत जाऊ शकतो. ब्रोमोक्रेसॉल ग्रीन ५.४ ते ३.८ या पल्ल्यात निळ्याचं पिवळं होतं. घामेजलेल्या मनगटावर ते हिरवं पडून शंका निर्माण करणार. मिथिल ऑरेंजचा पल्ला, ४.४ ते ३.१, चांगला, पण पिवळ्याचं तांबडं होताना मधला नारिंगी टप्पा इतका लांबतो की कापडावर, मंद प्रकाशात, बदल झाला की नाही यावर दोन माणसं वाद घालतील. लाल-हिरव्यात फरक न करता येणारेही काही जण असतात. ब्रोमोफेनॉल ब्लू ४.६ च्या वर निळसर जांभळा आणि ३.० च्या खाली पिवळा. घामाच्या बराचसा पलीकडे, आणि निळ्याचं पिवळं होणं जवळजवळ कुणाच्याही डोळ्यांना कळतं. तो निवडला.

काँगो रेडचाही विचार मनात आला होता. १८८३-८४ च्या सुमारास पॉल बॉटिगर यांनी तयार केलेला हा रंग कापसावर रंगबंधकाशिवाय थेट चढणारा पहिला कृत्रिम रंग. रंगाऱ्यांना त्याचा एक मोठा त्रास होता, आम्ल लागलं की लालाचा निळा होतो. म्हणजे रंग म्हणून जो दोष, तोच दर्शक म्हणून गुण. मला ही गोष्ट फार आवडते. पण तो बेंझिडीनपासून बनतो, आणि बेंझिडीन माणसात कर्करोग घडवतं. अंगावरच्या कापडासाठी तो विषय तिथेच संपला.

मग कापडाचा प्रश्न. प्रमुखांचा आग्रह होता की गणवेशाचं पॉलिएस्टरच रंगवा. ते जमत नाही, आणि का जमत नाही हे समजून घेण्यासारखं आहे. ब्रोमोफेनॉल ब्लूच्या रेणूला सल्फोनेट गट असतो, पाण्यात त्यावर ऋणभार येतो. त्याला धाग्यात धरून ठेवायला धनभाराची जागा लागते. पॉलिएस्टरमध्ये तशी जागा नाही. त्याला भार नसलेले, पाण्यात न विरघळणारे डिस्पर्स रंग लागतात, तेही १३० अंशांना, दाबाखाली. मी तरी एक तुकडा करून बघितला. खळबळत्या पाण्यात दोन मिनिटांत सगळा निळा वाहून गेला.

डिस्पर्स रंगासारखा वागेल असा एक दर्शक आहे, मिथिल यलो. पाण्यात विरघळत नाही, भार नाही, २.९ च्या खाली तांबडा होतो. हाच रंग एके काळी लोणी पिवळं दिसावं म्हणून वापरत. पुढे तो उंदरांच्या यकृतात कर्करोग करतो हे सिद्ध झालं. त्यामुळे तोही नको. आणि समजा निर्धोक दर्शक मिळाला, तरी पॉलिएस्टर हवेतला ओलावा जेमतेम ०.४ टक्के धरतं. आम्लाचा प्रोटॉन रंगापर्यंत पाण्यातूनच पोचतो. धाग्याच्या आत पाणीच नसेल, तर आत दडलेल्या रंगाला बाहेर काय पडलं ते कळणार कसं?

नायलॉनचं सगळं याच्या उलट. त्याच्या साखळ्यांच्या टोकांशी अमाइन गट असतात. सौम्य आम्लात त्यांच्यावर धनभार येतो आणि सल्फोनेटवाला रंग तिथे बसतो. ओलावा तो ४ टक्क्यांच्या आसपास धरतो. म्हणजे नायलॉनला रंग धरता येतो आणि निरोपही ऐकता येतो. फक्त तीव्र आम्लापुढे ते टिकत नाही, त्याच्या साखळ्या तुटतात. १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कोळशाच्या धुरातल्या गंधकाच्या आम्लाने बायकांचे नायलॉनचे मोजे पायात असतानाच विरल्याच्या तक्रारी झाल्या होत्या.

टिकणारं कापड गप्प, आणि बोलणारं कापड नाजूक. एकाच कापडाकडून दोन्ही कामं घ्यायचा हट्ट मी इथे सोडला. गणवेश पॉलिएस्टरचाच राहील, त्यावर नायलॉनच्या लहान पट्ट्या बसतील, आणि प्रत्येक पट्टीच्या पाठीला पातळ प्लास्टिकचं अस्तर असेल, म्हणजे पट्टीने शोषलेलं आम्ल आत उतरणार नाही. पट्ट्या पॉलिएस्टरच्या दोऱ्याने धावदोरा घालून लावायच्या, उसवायला सोप्या. सुती दोरा आम्लात आधी गेला असता.

रंगवण्याची कृती सांगते, कारण तिच्यात एक गंमत आहे. नायलॉन ६ चं साधं विणीचं कापड घेतलं, पाणी झटकून टाकणारा कुठलाही लेप नसलेलं. लेप असेल तर थेंब मोत्यासारखा घरंगळून जाईल. सौम्य साबणाने ६० अंशांना धुऊन तेलकटपणा काढला. ब्रोमोफेनॉल ब्लू कोरडं असताना पाण्यात नीट विरघळत नाही, ०.१ ग्रॅम पुडीला ०.०१ नॉर्मल कॉस्टिक सोड्याचे सुमारे १५ मिलिलिटर लागतात, मग गडद निळं द्रावण होतं. कापडाच्या तीसपट पाणी, ॲसेटिक आम्लाने सामू ४ च्या जवळ, ४० अंशांपासून सुरुवात करून हळूहळू ९५ अंश, आणि तिथे पाऊण तास. सामू इतका खाली असल्यामुळे बाथ मळकट हिरवा-पिवळा दिसतो आणि कापडही तसंच. नवखा माणूस म्हणेल, निळा कुठे गेला? कापड थंड झाल्यावर स्वच्छ पाण्यातून काढलं आणि शेवटी खाण्याच्या सोड्याच्या अगदी पातळ पाण्यात बुडवलं. कडेकडून आत, एका श्वासात, पिवळ्याचं निळं झालं. माझ्या मदतनीस मुलीने तुकडा परत व्हिनेगरमध्ये, परत सोड्यात असं चार वेळा केलं. मी तिला थांबवलं नाही.

थांबवायला हवं होतं बहुधा. चौथ्या वेळी सोड्याचं पाणी फिकं निळं झालेलं होतं. रंग निघत होता. आम्लारीधर्मी पाण्यात नायलॉनच्या अमाइन टोकांचा धनभार जातो आणि रंगावरचा ऋणभार मात्र वाढतो. दोघांना एकत्र ठेवणारी ओढच संपते. कपडे धुण्याच्या पावडरीत तर सामू १० पर्यंत असतो. एका धुण्यात पट्टी पांढरी झाली असती.

यावर उपाय म्हणून धनभाराच्या फिक्सरमधून, म्हणजे रंग धाग्याला धरून ठेवणाऱ्या रसायनातून, कापड काढलं. सुती कापडावरच्या डायरेक्ट रंगांसाठी जो पॉलिडॅडमॅकच्या जातीचा फिक्सर वापरतात, तोच. निघणं बरंचसं थांबलं. पण प्रत्येक उपाय आपली किंमत मागतो. सामू २, ३, ४, ५, ६ ची बफर द्रावणं, म्हणजे सामू स्थिर राखणारी द्रावणं, घेऊन दोन्ही कापडं शेजारी शेजारी भिजवली. सामू ४ ला फिक्सर नसलेला तुकडा हिरवा, फिक्सरवाला निळाच. फिक्सरचा धनभार रंगाच्या निळ्या, जास्त ऋणभाराच्या रूपाला आधार देतो, त्यामुळे पिवळं व्हायला आणखी आम्ल लागतं. पुस्तकातला पल्ला पाण्यातला असतो. कापडावरचा पल्ला कापडालाच विचारावा लागतो. व्हिनेगरच्या वाफेसाठी ही पट्टी करायची असती तर मी फिक्सर बाद केला असता. बॅटरीच्या ॲसिडचा सामू १ च्या खाली. तिथे या सरकण्याने काही बिघडत नव्हतं.

खरी शिकवण मिळाली ती थेंबांच्या चाचणीत. १.२८ घनतेचं ॲसिड शंभरपट, हजारपट आणि दहा हजारपट पातळ केलं, ऊर्ध्वपातित पाण्यात, आणि अर्थातच आम्ल पाण्यात ओतून. उलट कधीच नाही. कापडावर एक थेंब. मी गडद रंगाची पट्टी केली होती, कापडाच्या वजनाच्या १ टक्का रंग, कारण गडद निळ्यावर पिवळा उठून दिसेल असं वाटलं. शंभरपट पातळ थेंबाने ती लगेच पिवळी झाली. हजारपटला मात्र, सामू २ च्या जवळ असूनही, नुसतं हिरवट कडं. कुतूहलाने ०.२ टक्के रंगाची फिकी पट्टी केली. तिच्यावर तोच थेंब स्पष्ट पिवळा.

कागदावर हिशेब केल्यावर उलगडा झाला. एक थेंब म्हणजे ०.०५ मिलिलिटर. हजारपट पातळ केल्यावर त्यात आम्लाचे जेमतेम अर्धा मायक्रोमोल (मोल हे कण मोजण्याचं माप) प्रोटॉन उरतात. थेंब ज्या चौरस सेंटिमीटरवर पसरतो तिथे माझ्या कापडाचं वजन ७ मिलिग्रॅम. त्यात १ टक्का रंग म्हणजे ०.१ मायक्रोमोल रंग, आणि नायलॉनची आम्ल गिळणारी टोकं त्याच्या सुमारे तिप्पट. म्हणजे थेंबातलं बहुतेक आम्ल कापड आणि रंग मिळूनच संपवतात, आणि सामू खाली जायला काही उरत नाही. सामू किती खाली आहे एवढंच बघून भागत नाही, आम्ल एकूण किती आलं हेही बघावं लागतं. गडद रंग सुंदर दिसतो, पण उशिरा बोलतो. दहा हजारपटला दोन्ही गप्प राहिल्या. ते मी मान्य केलं आणि प्रमुखांना स्पष्ट लिहून दिलं की पट्टी निळी आहे याचा अर्थ आम्ल नाही असा होत नाही.

आणखी काही गोष्टी लिहून दिल्या. क्लोरीनच्या ब्लीचने पट्टी पांढरी पडते, तो आम्लाचा डाग नव्हे. या कुळातले रंग उन्हात टिकत नाहीत, म्हणून एक पट्टी काळ्या पाकिटात ताडून बघायला ठेवायची आणि तिच्याहून फिकी झालेली बदलायची. गणवेश धुण्याआधी पट्ट्या उसवायच्या. आणि पिवळं दिसलं तर सोडा शोधत बसायचं नाही: कपडा उतरवून कातडी वाहत्या पाण्याखाली धरायची, डोळ्यात गेलं असेल तर निदान १५ मिनिटं पाणी आणि मग डॉक्टर. सोडा सांडलेल्या जमिनीसाठी, माणसासाठी नाही.

पहिल्या खेपेला पट्ट्या बसवल्या मनगटाच्या काठावर, छातीवर आणि एप्रनच्या खालच्या कडेला, म्हणजे थेंब उडेल असं आम्हाला वाटलं तिथे. तिसऱ्या दिवशी प्रमुखांचा फोन आला. छातीवरच्या आणि एप्रनच्या पट्ट्या निळ्या होत्या. मनगटावरची पिवळी झाली होती, पण ठिपक्यांनी नाही. मी जाऊन बघितलं. उजव्या बाहीच्या काठावर चार आडवे पिवळे पट्टे, शेजारी शेजारी, आणि उलट्या बाजूला एक रुंद. मी माझा डावा हात त्यावर ठेवून बघितला. चार बोटं आणि अंगठा.

ज्याचा हात भाजला होता तो माणूस तिथेच उभा होता. "मी बाही वर सारतो," तो सावकाश म्हणाला. "गरम होतं ना. हातमोजे असतात, म्हणून..." आणि मग त्याने आपण ते कसं करतो ते करून दाखवलं. हातमोजा आतल्या हाताला सुरक्षित ठेवत होता आणि बाहेरून ओला होता. त्या ओल्या बोटांनी बाही धरून वर सारली की आम्ल घडीच्या आत जायचं, आणि घडी दिवसभर कोपराखाली कातडीला चिकटून राहायची. पॉलिएस्टरवर त्याचा मागमूस नाही. ॲसिड उडालं कधी, हे त्याला आठवत नव्हतं, कारण ते उडालंच नव्हतं.

बाहीच्या काठाला घट्ट इलॅस्टिक लावलं, वर सरणारच नाही असं, आणि हातमोजे बाहीच्या वरून चढतील असे लांब घेतले. खोलीत हवा खेळती राहील याचंही प्रमुखांनी मनावर घेतलं, कारण उकाडा नसता तर बाही वर गेलीच नसती.

दुसऱ्या खेपेला पट्ट्यांच्या जागा मी ठरवल्या नाहीत. कामगारांना विचारलं, दिवसभरात हातमोजा घालून आपण कुठे कुठे हात लावतो? खिशाचं तोंड, चष्म्याची काडी, दाराची मूठ, एप्रनची नाडी. दार आणि चष्मा सोडून बाकी जागी पट्ट्या शिवल्या, दाराच्या मुठीला एक गुंडाळली. आठवडाभरात मूठ आणि नाडी पिवळी झाली. मूठ लगेच दिसली, पण नाडी पाठीमागे असते आणि ज्याची त्याला दिसत नाही. म्हणून आता पाळी सुटताना ते दोघं दोघं दिव्याखाली उभे राहतात, आणि नाडी सोडण्याआधी एक जण दुसऱ्याची पाठ बघतो.